घरापुढचं लॉन काढून कृत्रिम गवत : ४० हजारांत नीट होईल का?

ओसरी

नमस्कार मंडळी. पुण्याजवळ वाघोलीत आमचं रो-हाऊस आहे. पुढे २० बाय २२ फुटांचं लॉन आहे, बिल्डरनेच लावून दिलेलं. पहिली काही वर्षं छान राहिलं. आता सोसायटीला मार्चपासून टँकर लागतो, आणि तो दीड हजारांच्या खाली येत नाही. शेजारी बादलीने भांडी घासत असताना आपण नळीने गवत भिजवायचं हे मनाला पटत नाही, म्हणून पाणी कमी केलं. परिणाम असा की निम्मं लॉन तांबूस पडलंय आणि उरलेल्यात लव्हाळा माजलाय. माळीदादा महिन्याला आठशे घेतात आणि दर वेळी नवीन कार्पेट लावून घ्या म्हणतात.

घरात सासूबाई आहेत, त्यांना सकाळी अनवाणी चालायची सवय आहे. मुलगी अडीच वर्षांची. सगळीकडे फरशी घातली तर ती दिवसातून चार वेळा गुडघे फोडून घेईल, म्हणून फरशी नको. अंगण पश्चिमेला आहे. एका कोपऱ्यात पारिजातक, भिंतीलगत जास्वंद आणि कढीपत्ता.

दोघांकडून भाव घेतले. एकजण चौरस फुटाला ९५ रुपये म्हणतो, म्हणजे ४१,८००. त्यात ३५ मिलिमीटरचं गवत आणि 'खाली थोडी कच' (दगडाचा बारीक चुरा). दुसरा म्हणतो, आहे त्या लॉनवरच अंथरून देतो, ५५ रुपये. सतरा हजारांचा फरक आहे. बजेट ताणून ४० हजार. कोणी स्वतःच्या घरी केलंय का? कुठे वाचवावं आणि कुठे वाचवू नये?

वाळूखडी

ओसरीताई, दुसऱ्याला आजच नाही म्हणून टाका. माझं आयुष्य बांधकामाच्या साइटवर गेलंय, म्हणून हे ठामपणे सांगतो.

आहे त्या गवतावर अंथरलं की खालचं गवत कुजतं. ते सगळीकडे सारखं कुजत नाही. जिथे मुळं दाट होती तिथे जमीन जास्त बसते. पहिल्या पावसानंतर वर चालताना पाय खड्ड्यात गेल्यासारखा वाटायला लागतो, त्या खळग्यांत पाणी साचतं आणि वास येतो. आणि तुमच्याकडे लव्हाळा आहे म्हणता. त्याच्या गाठी जमिनीत राहिल्या तर त्याचा कोंब सुईसारखा टोकदार निघतो, खाली घातलेल्या कापडातून आणि कृत्रिम गवताच्या पाठीतूनही वर येतो. मग तो उपटायला सगळं पुन्हा उचलावं लागतं.

पहिल्या माणसाला एवढंच विचारा : थोडी कच म्हणजे किती इंच, आणि खणणार किती? उत्तर 'एक इंच' आलं तर ९५ रुपयेही जास्तच आहेत.

माती कोणती आहे ते सांगा. काळी असेल तर हिशेब बदलतो.

ओसरी

काळीच आहे काका. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात.

वाळूखडी

मग नीट ऐका. काळी माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. गवत थेट तिच्यावर असेल तर दर वर्षी पृष्ठभाग वरखाली होणार. ती निदान सहा इंच काढायची. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी तेवढ्यात निघतात, उरलेल्या हाताने वेचायच्या. बिगाऱ्यावर सोडू नका, शेजारी खुर्ची टाकून बसा.

खणलेल्या तळाला घरापासून बाहेरच्या बाजूला ढाळ द्यायचा, शंभर फुटांना एक फूट या हिशेबाने. तुमच्या २२ फुटांत पावणेतीन इंच. लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून दोन्ही टोकं बघा, नुसत्या नजरेने ढाळ कळत नाही. तळ धुम्मसाने (ठोकायच्या जड अवजाराने) ठोकायचा, वर जिओटेक्स्टाइल म्हणजे पाणी जाऊ देणारं कापड, त्यावर तीन इंच २० मिमी खडी, पुन्हा ठोकायची, वर एक इंच कच, पाणी मारून पुन्हा ठोकायची. कच इतकी घट्ट झाली पाहिजे की वर चालल्यावर टाचेचा ठसा उमटू नये.

कापडाच्या जागी कोणी शेतातला मल्चिंग पेपर घालतो म्हणाला तर साफ नाही म्हणा. तो प्लास्टिक आहे, त्यातून पाणी खाली जात नाही. पावसाचा हिशेब बघा : तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर तुमच्या ४४० चौरस फुटांवर दोन हजार लिटर पाणी येतं. ते कुठे जाणार हे आधी ठरवायचं, गवताचा रंग नंतर.

४४० चौरस फुटांवर चार इंच म्हणजे जवळपास दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), ठोकून बसतं ते धरून पावणेदोन ते दोन ब्रास माल लागेल. खणलेली माती बाहेर टाकायचा खर्च वेगळा. हे सगळं धरलं तर ४० हजारांत ४४० फूट नीट होणार नाही. होईल असं म्हणणारा माणूस खालचा थर खाणार.

उंबरठा

वाळूखडी काकांना अनुमोदन. आमच्या गच्चीवर आहे, तिथे खाली कोबा असल्यामुळे थराचा प्रश्न आला नाही. गच्ची किंवा बाल्कनी वेगळी आणि जमीन वेगळी, हे दुकानदार सांगत नाहीत. गच्चीवर फक्त पाण्याच्या तोंडाशी गवत कापून जाळी उघडी ठेवायची.

मातीत_हात

ओसरी, मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नकोस.

आधी पाण्याचा हिशेब कर. भर उन्हाळ्यात लॉनमधून दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर. तुझं लॉन ४१ चौरस मीटर. दिवसाला दोनशे लिटर, महिन्याला सहा हजार. दहा हजार लिटरचा टँकर दीड हजाराला धरला तर लॉन महिन्याला नऊशे रुपयांचं पाणी पितं. असे चार महिने म्हणजे साडेतीन हजार. चाळीस हजारांचं गवत नुसत्या पाण्याच्या बचतीतून वसूल व्हायला अकरा वर्षं लागतील, आणि या किमतीतलं गवत आपल्या उन्हात तेवढं टिकत नाही. माळ्याचे पैसे धरलेस तर गणित जमतं हे खरं. पण माळी तुझ्या जास्वंदीला आणि पारिजातकालाही लागतोच ना?

पैशापेक्षा मला मातीचं वाईट वाटतं. सहा इंच काळी माती उचलून बाहेर टाकायची, वर खडी आणि प्लास्टिक. त्या मातीत गांडुळं आहेत, मुंग्या आहेत, पावसाचं पाणी तिथे मुरतं. वाघोलीसारख्या ठिकाणी बोअर आटतात आणि आपणच पाणी मुरायची जागा झाकतो. गवताचे तंतू उन्हाने ठिसूळ होतात, तुटतात आणि पावसाबरोबर गटारात जातात. तेही प्लास्टिकच. मैदानांवर जे काळे रबरी दाणे टाकतात त्यांच्यावर युरोपीय संघाने २०२३ मध्ये बंदीचा कायदा केला, मैदानांना २०३१ पर्यंत मुदत दिली. एवढा विचार जिथे होतो तिथे काहीतरी कारण असणार.

लॉन नको हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण लॉनला पर्याय म्हणजे प्लास्टिकच का?

ओसरी

मातीत_हात ताई, राग कसला. अकरा वर्षांचा हिशेब मी केलाच नव्हता, तो वाचून जरा थबकले. पण अडीच वर्षांचं मूल आणि चिखल हा रोजचा प्रश्न आहे. पर्याय कोणता, ते सविस्तर सांगाल?

जांभाचिरा

कुडाळहून. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे पुण्याचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत. गावात एका लॉजने पुढच्या अंगणात अंथरलं. सावलीच्या बाजूला जुलैत शेवाळ धरलं, इतकं की लोक घसरायला लागले. कडेने वाणी किडे आणि गोगलगायी. ऊन पडणाऱ्या भागाला काही झालं नाही. तुमच्याकडे पश्चिमेचं ऊन आहे तर शेवाळाची भीती कमी, पण पारिजातकाखाली सांभाळा.

टर्फवाला

नाशिकला बॉक्स क्रिकेटची दोन मैदानं चालवतो, म्हणून गवताबद्दल सांगतो. बाकी वाळूखडी काकांनी सांगितलंय, त्यातला एक शब्द बदलायची गरज नाही.

दुकानात गेलात की सगळे मिलिमीटरवर बोलतात. २५, ३५, ४०, ५०. उंची म्हणजे दर्जा नाही. तुकडा हातात घेऊन पाठीवर दुमडा. दोन ओळींच्या मध्ये काळी पाठ लख्ख दिसली तर टाके विरळ आहेत, वर्षभरात ते गवत आडवं पडणार. मग दोन बोटांत चार-पाच पाती धरून ओढा. सुटून आली तर तिथूनच परत फिरा. मग मुठीत दाबून सोडा आणि पाती उभी राहतात का बघा. खालचं कुरळं तपकिरी गवत असतं ना, ते नुसतं शोभेचं नाही. उभ्या पात्याला आधार ते देतं. पाठीला पाणी जायची भोकं आहेत का तेही बघा. काही स्वस्त मालाला नसतातच, तो आतल्या सजावटीचा माल असतो.

लहान मुलीसाठी आणि अनवाणी चालायला ३५ ते ४० पुरे. ५० घेऊ नका, ते लवकर झोपतं आणि कचरा अडकतो. सध्या नाशकात बरं ४० मिमी ६० रुपयांच्या आसपास मिळतं, पुण्यात थोडं इकडेतिकडे. ३०-३५ रुपयांचं आहे ते लग्नाच्या मांडवाला ठीक.

आता महत्त्वाचं. रोल दोन मीटर रुंद येतो, म्हणजे साडेसहा फूट आणि वर थोडंसं. तुमची २० फूट रुंदी घेतली तर तीन पट्टे १९ फूट ८ इंच भरतात. चार इंच कमी. कडा कापून जोड बसवायचा तर आणखी इंच-दीड इंच जातो. दुकानदार तुम्हाला चौथा पट्टा विकणार, २२ फूट लांब, त्यातला वीतभर वापरून बाकी फेकायचा. म्हणून जागेचं माप आधी आणि गवत नंतर असं करू नका. रोलच्या पटीत जागा आखा, कडेला खडीची पट्टी सोडा.

हॉकीवेडा

विषयाला थोडा धरून. या गवताची सुरुवातच नाइलाजातून झाली. अमेरिकेत ह्यूस्टनच्या बंदिस्त स्टेडियममध्ये छताच्या काचा रंगवाव्या लागल्या, त्यामुळे आतलं खरं गवत मेलं आणि १९६६ मध्ये तिथे कृत्रिम अंथरलं. दहा वर्षांत ते हॉकीत आलं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा त्यावर खेळली गेली आणि आपला संघ सातवा आला. माझ्या वडिलांच्या पिढीला ते अजून बोचतं. मातीवर घडलेल्या मनगटांचा खेळ एका पृष्ठभागाने बदलून टाकला.

सांगायचा मुद्दा असा की हॉकीच्या मैदानावर सामन्याआधी भरपूर पाणी मारतात. चेंडूसाठी, घर्षणासाठी. पाणी वाचवायला लावलेलं गवत तापलं म्हणून तुम्ही रोज दुपारी भिजवत बसलात तर बचत उरणार नाही, हे लक्षात घ्या.

वाळवंटातून

अमेरिकेतून, नेवाडा राज्यातल्या लास व्हेगासहून, इथे वीस वर्षं आहे. हॉकीवेडा यांनी तापण्याचा विषय काढला ते बरं झालं. ओसरी, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त 'पश्चिमेला' हा शब्द खटकला होता.

शेजारच्या युटा राज्यात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ मध्ये स्वतःच्या मैदानाचं तापमान मोजलं. कृत्रिम गवत डांबरापेक्षाही जास्त तापलेलं आढळलं, आणि बाजूचं खरं गवत त्याच उन्हात कितीतरी थंड. पाणी मारलं की तापमान झपकन उतरायचं आणि थोड्याच वेळात पुन्हा चढायचं. खरं गवत स्वतः पाणी सोडून थंड राहतं, प्लास्टिकला ते जमत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी तुमच्या अंगणात मुलीला अनवाणी सोडता येणार नाही, हे धरून चाला. तळहाताची मागची बाजू दहा सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर मुलीला नेऊ नका. चांगली बाजू अशी की फरशीसारखी ती उष्णता धरून ठेवत नाही. सूर्य गेला की लवकर निवतं.

दुसरी गोष्ट मातीत_हात यांच्यासाठी. आमच्या शहराला पाणी कोलोरॅडो नदीचं आणि ती आटत चाललीय. इथलं पाणी प्राधिकरण लॉन काढणाऱ्याला पैसे देतं. पण अट अशी की त्या जागेत झाडं लावायची, आणि ती पूर्ण वाढल्यावर निदान निम्मी जागा झाडांनी झाकली गेली पाहिजे. म्हणजे नेवाडासारख्या कोरड्या जागीही 'लॉन काढा आणि सगळं झाकून टाका' असं सांगत नाहीत. २०२१ मध्ये इथे कायदा झाला, रस्त्याकडेचं आणि कचेऱ्यांपुढचं निव्वळ दिखाऊ गवत २०२६ अखेर बंद. घरांना तो लागू नाही. शेजारी कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये शहरांना कृत्रिम गवतावर बंदी घालायची मुभा दिली.

माझ्याकडे स्वतःकडे मुलांच्या खेळण्यापुरता एक तुकडा कृत्रिम आहे, बाकी दगड आणि कमी पाण्याची झाडं. जिथे पाय पडतात तेवढंच गवत घाला. बाकी अंगणाला गवताची गरज नाही.

टेम्सकाठ

इंग्लंडमधल्या रेडिंगहून अगदी थोडक्यात. आमच्या गल्लीत निम्म्या घरांपुढे आहे. इथे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२२ पासून आपल्या पुष्पप्रदर्शनांत कृत्रिम गवताला मनाई केली. कारण पर्यावरणाची आणि जीवसृष्टीची हानी. शेजाऱ्यांकडे कुत्रा आहे. उन्हाळ्यात आमच्यापर्यंत वास येतो. कुत्रा असेल तर रोज धुवावं लागतं, पाणी तिथेही लागतं.

मातीत_हात

वाळवंटातून, निम्मी जागा झाडांनी झाकायची अट वाचून फार बरं वाटलं. हेच मला सांगायचं होतं.

ओसरी, पर्याय विचारलास ना. गेल्या काही वर्षांत नर्सऱ्यांत फायला नोडिफ्लोरा मिळायला लागलीय, आपल्याकडची जलपिंपळी. ओढ्याकाठी उगवते ती. जमिनीलगत पसरते, मूळ धरलं की लॉनपेक्षा खूप कमी पाण्यावर जगते, कापणी जवळजवळ नाही, थोडं चाललेलं चालतं. बारीक पांढरी-जांभळी फुलं येतात आणि त्यांवर मधमाश्या येतात. मुलगी अनवाणी असेल तर ही गोष्ट लक्षात ठेव, खेळायच्या जागेत लावू नकोस. सावलीला, पारिजातकाच्या बाजूला पीनट ग्रास लाव, त्याला पिवळी फुलं येतात. वेडेलिया मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. ती सगळं अंगण गिळते आणि शेजाऱ्याकडे जाते.

आणि तुझ्या लॉनमधला जो भाग अजून हिरवा आहे तो बघ. त्यात हरळी असणार. नळाजवळचा तीन-चार फुटांचा पट्टा तसाच ठेव. हरळीला खारं पाणीही चालतं, आरओचं वाया जाणारं पाणी तिला दे. साबणाचं पाणी मात्र काळ्या मातीत नको, सोडियमने माती चिवट होते. भाद्रपदात सासूबाईंना दूर्वा घरच्या मिळतील.

ओसरी

दूर्वांचं वाचून दाखवलं तर सासूबाई लगेच म्हणाल्या, तो पट्टा कोणी काढायचा नाही. त्यामुळे तेवढं ठरलं.

वाळवंटातून यांचं 'जिथे पाय पडतात तेवढंच' हे डोक्यात बसलंय. काल संध्याकाळी मुलगी कुठे खेळते ते बघितलं. दारापासून झोपाळ्यापर्यंतचाच भाग. पलीकडे ती जातच नाही. टर्फवाला दादांच्या हिशेबाने दोन पट्टे, म्हणजे १३ फूट रुंद आणि १४ फूट लांब केलं तर? बाकी जागा मातीचीच राहील. यात खर्च किती येईल, काका?

वाळूखडी

आता बोललात. हे होतं आणि चांगलं होतं.

१८२ चौरस फूट. चार इंच थराला साठ घनफूट, ठोकून बसतं ते धरून पाऊण ब्रास. पाऊण ब्रास कोणी आणून देत नाही, एक ब्रासचा छोटा टेम्पो मागवा, खडी जास्त आणि कच कमी. उरलेली खडी कडेच्या पट्टीला आणि पायवाटेला. खणलेली काळी माती बाहेर टाकू नका, झाडांच्या वाफ्यांत चढवा. मातीत_हात ताईंचाही आक्षेप निम्मा मिटेल आणि वाहतुकीचा खर्चही वाचेल. फक्त लव्हाळ्याच्या गाठी चाळून काढा, नाहीतर वाफ्यात तोच उगवेल.

गवत ६० रुपयांनी अकरा हजार. खडी, कच, कापड, कडेच्या विटा मिळून सहा-सात हजार. दोन बिगारी आणि एक गवंडी, दोन दिवसांचं काम, सहा हजार धरा. जोडपट्टी, गम, खिळे, वाळू तीन हजार. २६-२७ हजारांत बसतं. कडेला विटा उभ्या लावा, सिमेंटमध्ये. कड पक्की नसेल तर थर बाहेर सरकतो. पण विटांचा माथा गवताच्या पाठीपेक्षा खाली ठेवा, नाहीतर पाणी आतच अडेल. ढाळाच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी फट सोडा.

उरलेल्या पैशात पश्चिमेच्या भिंतीशी एक सोनचाफा लावा. चार-पाच वर्षांत दुपारचं ऊन तोच अडवेल. तोवर मार्च ते जून शेडनेट.

टर्फवाला

बसवताना लक्ष ठेवायच्या गोष्टी, कारण कारागीर घाईत असतात.

रोल उलगडून दोन-तीन तास उन्हात पडू द्या, घड्या निघतात. दोन्ही पट्ट्यांच्या पात्यांचा कल एकाच दिशेला हवा. एक पट्टा उलटा बसला तर रंग दोन दिसतात, आणि ते नंतर बदलता येत नाही. कल घराकडे ठेवा म्हणजे दारातून बघताना दाट दिसेल. जोडाच्या कडेच्या दोन-तीन ओळी कापून टाकायच्या, मगच दोन कडा शेजारी आणायच्या. त्यांच्यात पात्यांच्या दोन ओळींमध्ये एरवी असतं तेवढंच अंतर हवं. जास्त असेल तर जोड दिसतो, कमी असेल तर उंचवटा येतो. खाली जोडपट्टी. सुतार सनमायकाला वापरतात तो रबरी गम बरेचजण लावतात, उघड्यावर उन्हापावसात तो सुटतो. पीयू (पॉलियुरेथेन) गम मागा, महाग आहे पण एकाच जोडाला लागणार आहे.

मग वाळू. हे घरगुती कामात निम्मे लोक टाळतात. चौरस मीटरला पाच किलो धुतलेली कोरडी सिलिका वाळू पसरून ताठ झाडूने आत घालायची. तुमच्या १७ चौरस मीटरला ८५ किलो, पन्नासच्या दोन गोण्या. वाळूने पाती उभी राहतात, गवत वाऱ्याने उचलत नाही. काळे रबरी दाणे घरात मुळीच नको.

कोणी मैदानावरचं जुनं गवत स्वस्तात देतो म्हणेल. आमच्याकडूनही जातं. खेळपट्टीचा आणि गोलंदाजांच्या धावेचा भाग झिजलेला असतो, सीमेकडचा बरा असतो. पण त्यात वर्षांची वाळू, दाणे आणि धूळ भरलेली असते आणि वजन फार. लहान मुलीसाठी नवीनच घ्या, आता तर जागाही कमी केलीत.

उंबरठा

एक राहिलं. दिवाळीत भुईनळे आणि फुलबाज्या गवतावर नको. एक ठिणगी पडली की वितळून टिकली एवढा कडक डाग राहतो, तो निघत नाही. आमच्या मजल्यावर एका घरी असे डाग आहेत. शेगडी, बार्बेक्यू, उदबत्तीची राख, सगळं लांब. तुळस गवतात ठेवणार असाल तर खाली फरशी हवी, पणती लागते ना रोज.

मातीत_हात

आणि पारिजातकापासून तीन फूट लांब. मुळांना पाणी आणि हवा हवी. शिवाय त्याची फुलं गवतात अडकून कुजतात, मातीवर पडली तर वेचता येतात.

ओसरी, सगळं कृत्रिम करू नकोस म्हणत होते, तू निम्म्याहून जास्त अंगण मातीचं ठेवलंस. माझ्याकडे जलपिंपळीच्या काड्या आहेत. हडपसरला राहते, कधीही येऊन ने. पहिला पाऊस झाला की वीतभर अंतरावर खोच, नर्सरीचे पैसे वाचतील.

ओसरी

नक्की येते ताई, खूप आभार. सगळ्यांचेच.

शेवटचा प्रश्न. आता एप्रिल संपतोय. गवंडी मे महिन्यात मोकळा आहे. पावसाच्या आत सगळं उरकून घेऊ का?

वाळूखडी

थर मेमध्ये घाला, गवत घालू नका.

धुम्मसाने कितीही ठोकलं तरी काळ्या मातीवरचा थर पहिल्या पावसाळ्यात थोडा बसतोच. त्याला उघडाच बसू द्या. पाणी कुठून जातं, कुठे साचतं, हे चार महिन्यांत तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. तिथे खडूने खूण करा. राहिलेल्या लव्हाळ्याच्या गाठीही जूनमध्ये कोंब काढतील, ते मुळासकट उपटा, दर आठवड्याला. मुलीला तोवर वर एक जाड सतरंजी.

दिवाळी झाली की खळगे कचेने भरा, पुन्हा ठोका, दोरी लावून ढाळ तपासा, आणि मग गवत. फटाक्यांचीही काळजी नाही, आणि गम कोरड्या हवेत नीट धरतो. पैसे दोन हप्त्यांत विभागले जातात ते वेगळंच : आता बारा-तेरा हजार, बाकी नोव्हेंबरात. गवताचे पैसे आत्ताच देऊ नका, अनामतही नको. रोल घरात इतके महिने गुंडाळून ठेवला तर घड्या पक्क्या होतात.

ओसरी

ठरलं. गवंड्याला सोमवारी बोलावते, खणायच्या दिवशी खुर्ची टाकून बसणार आहे. थर झाला की मापं आणि खर्च इथेच लिहिते, म्हणजे काळ्या मातीवाल्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

वाळूखडी

खणून झालं की कापड घालायच्या आधी तळाचे फोटो टाका. ढाळ बघून सांगतो, मगच खडी ओता.